माल झाकलाय, पण धरलाय का? पिकअपच्या हौद्यासाठी घरच्या घरी करायचे बंदोबस्त



डिलिव्हरीचा खर्च काढताना आपण डिझेल धरतो, ड्रायव्हर धरतो, टोल धरतो. एक खर्च मात्र बहुतेक जण वहीत लिहीतच नाहीत. तो म्हणजे हौद्यात चढलेला माल आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरलेला माल, यातला फरक. टोमॅटोचे चाळीस क्रेट चढले, सदतीस नीट उतरले. नवं कपाट गेलं, पण दोरीने कोपऱ्याचं पॉलिश खाल्लं. पापडाची पेटी खालून भिजली. "वाटेत झालं" म्हणायचं आणि सोडून द्यायचं. आता हिशोब बघा. तुम्ही १० टक्के नफ्यावर धंदा करताय आणि चाळीसातले तीन क्रेट गेले, तर त्या खेपेचा पाऊण नफा रस्त्यावर सांडला. पाव नफ्यासाठी तुम्ही पहाटे चारला उठलात.

गाडी छोटा हत्ती असो नाहीतर बोलेरो पिकअप, स्वतःची असो की भाड्याची, खालचे उपाय सगळीकडे चालतात. सामानही बरंचसं घरात, शेतात किंवा पंक्चरवाल्याकडे पडलेलं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. झाकणं वेगळं आणि धरणं वेगळं. ताडपत्री पाऊस, धूळ, ऊन अडवते. ती माल धरून ठेवत नाही. वरून ताडपत्री आवळली म्हणजे माल बांधला, असं समजणारे लोक मला दर बॅचमध्ये भेटतात. युरोपात माल बांधणीचे जे निकष आहेत त्यात असं धरतात की जोरात ब्रेक लागला तर माल स्वतःच्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे जाऊ बघतो, आणि वळणावर ५० टक्के जोराने बाजूला. म्हणजे ५०० किलोचं मशीन ४०० किलोच्या जोराने केबिनवर येणार. ते काय ताडपत्रीने थांबणार आहे?

सगळ्यात स्वस्त बंदोबस्त म्हणजे जागाच न ठेवणं. जड माल खाली आणि पुढे, केबिनमागच्या जाळीला टेकवून. मधे फट राहिली तर तिथे जुना टायर, रिकामा क्रेट, नाहीतर पेंढा ठासून भरलेलं पोतं कोंबा. मालाला हलायला जागा मिळाली नाही की निम्मं काम झालं. हौद्याचा पत्रा गुळगुळीत असतो आणि ओला झाला की त्यावर पेटी साबणासारखी सरकते. म्हणून खाली रबर अंथरा. भंगारात कारखान्याच्या कन्व्हेअर बेल्टचे जुने तुकडे मिळतात, ते वर्षानुवर्षं टिकतात. रबर नसेल तर गोणपाट चालेल, पण कोरडं.

दोरी आणि गाठ

बाजारातली रंगीत प्लास्टिकची दोरी स्वस्त असते, पण उन्हात कडक होऊन तिचे तंतू तुटायला लागतात. हातात घेऊन चोळल्यावर भुसा पडला तर ती दोरी गुरं बांधायलाही वापरू नका. नायलॉन मजबूत, पण ती ओली झाली की ताणते. सकाळी घट्ट बांधलेला माल पावसानंतर सैल सापडतो तो यामुळे. जड आणि महागड्या मालाला सरळ रॅचेटचे पट्टे घ्या. तिथे जुगाड नको. मी जुगाडाचा चाहता आहे, पण फ्रीज किंवा लेथ मशीन ट्यूबच्या पट्ट्यावर सोडणाऱ्यातला नाही.

दोरीच वापरायची असेल तर ट्रकवाले मारतात ती ओढगाठ शिकून घ्या. दोरीचं एक टोक एका बाजूच्या हुकाला पक्कं बांधा आणि दोरी मालावरून पलीकडे टाका. पलीकडच्या हुकाच्या हातभर वर, लोंबत्या दोरीला पीळ देऊन एक फास तयार करा. मोकळं टोक खालच्या हुकातून घेऊन त्या फासात ओवा आणि खाली खेचा. कप्पीसारखं काम होतं आणि एकट्या माणसाच्या हातात जवळजवळ दुप्पट जोर येतो. खेचून धरलेल्या जागी दोन साधे वेढे मारून टोक अडकवा. सोडताना टोक ओढलं की झालं, दाताने गाठ सोडायची वेळ येत नाही. रिकाम्या गाडीवर दहा वेळा करून बघा, अकराव्यांदा हात आपोआप चालेल.

कोपरे सांभाळायला जुना पाण्याचा पाईप वीतभर कापा, उभा चिरा आणि दोरीवर चढवा. दोरी कपाट कापत नाही, कपाटही दोरी कापत नाही.

ट्यूबच्या पट्ट्यांची जागा इथे आहे. ट्रकची फुटकी ट्यूब पंक्चरवाल्याकडून आणा, दोन बोटं रुंद आडव्या चकत्या कापा, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे लावा. ताडपत्रीच्या रिंगांपासून हौद्याच्या हुकांपर्यंत हे रबर ताणून लावलं की वाऱ्यात ताडपत्री फडफडत नाही. फडफड थांबली की रिंगाही फाटत नाहीत. पण पुन्हा सांगतो, हे झाकण धरायला, माल धरायला नाही.

ताडपत्री किती मोठी, कशी टाकायची?

हौदा स्वतः टेपने मोजा. समजा तो ९ बाय साडेपाच फूट आहे, माल फाळक्याच्या वर २ फूट जातो आणि चारही बाजूंनी १ फूट खाली लोंबायला हवं. मग लांबी ९ अधिक ६ म्हणजे १५, रुंदी साडेपाच अधिक ६ म्हणजे साडेअकरा. १२ बाय १५ ची ताडपत्री घ्या. त्याहून लहान घेतली तर कोपरे उघडे राहतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

वाऱ्याचा जोर कमी समजू नका. ताशी ६० च्या वेगाला समोरून येणारा वारा चौरस मीटरला साधारण १७ किलोने ढकलतो, ८० ला ३० किलोने. म्हणून पुढची कड सगळ्यात आधी, मालाच्या खाली दुमडून घ्यायची. दोन तुकडे जोडायचे असतील तर घरावरची कौलं आठवा. पुढचा तुकडा मागच्याच्या वर आला पाहिजे, म्हणजे उघडी कड मागे तोंड करून राहते आणि वारा आत शिरत नाही. उलटं टाकलंत तर पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर फुगा होणार.

दुसरा शत्रू साचलेलं पाणी. वरच्या ९ बाय साडेपाच फुटांच्या सपाट ताडपत्रीवर एक इंच पाणी थांबलं तर ते जवळपास ११५ किलो भरतं. सगळा भार खालच्या क्रेटवर. उपाय आपल्याच मातीतला आहे. बांबूच्या कामट्या वाकवून तीन-चार कमानी करा, मधून एक आडवा बांबू बांधा आणि वर ताडपत्री टाका. पाणी दोन्हीकडून निथळून जातं.

ताडपत्रीऐवजी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवर भागवणारे खूप आहेत. हरकत नाही, पाणी अडतं. फक्त त्याला भोक पाडून दोरी ओवू नका, पहिल्या झटक्यात फाटेल. कोपऱ्यात आतून एक गुळगुळीत खडा ठेवा, बाहेरून फ्लेक्सची मूठ वळा आणि मुठीच्या गळ्याला दोरी आवळा. खडा सुटत नाही, कापड फाटत नाही. (भाऊंचा फोटो आतल्या बाजूला ठेवला तर गावात विनाकारण चर्चाही होत नाही.)

प्रत्येक मालाला मात्र एकच न्याय लावू नका. कांदा घट्ट झाकला तर आत घाम धरतो आणि सडायला लागतो. त्याला बाजूंनी वारा हवाच, पाऊस आला तरच वरून झाका. पालेभाजीला ओलं गोणपाट आणि वर शेडनेट. नारायणगावहून वाशीला जाणारा टोमॅटो २० किलोच्या क्रेटमध्ये असतो. क्रेट एकात एक नीट बसवा आणि काठोकाठच भरा. वर शीग काढली तर वरच्या क्रेटचं सगळं वजन फळांवर पडतं आणि तळाच्या रांगेचा रस्सा होतो.

सगळ्यात अवघड माल म्हणाल तर शाडूच्या गणेशमूर्ती. पेणहून किंवा जवळच्या कारखान्यातून आणून विकणारे तुमच्यात बरेच जण असतील. शाडू भाजलेला नसतो, पाणी लागलं की माती मोकळी होते, आणि मूर्ती न्यायच्या ऐन पावसात. इथे मूर्तीला दोरी लावायचीच नाही. खाली पेंढ्याचा जाड थर, त्यावर जुनी गोधडी, मूर्ती पाटासकट उभी, दोन मूर्तींच्या मधे पेंढ्याच्या उशा. धरायचं ते पाटाला. हाताला, सोंडेला, मुकुटाला काहीही टेकता कामा नये. कमानी सगळ्यात उंच मूर्तीच्या निदान वीतभर वर आणि ताडपत्री दुहेरी. एका मजल्यावर दुसरा मजला करून जास्त मूर्ती बसवायचा मोह होतो. भाडं वाचतं खरं, पण एक कान तुटला तर ती मूर्ती कोणी घेत नाही, अर्ध्या किमतीतही नाही.

कायद्याचंही थोडं. माल हौद्याच्या बाजूने, पुढे-मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजारांचा दंड आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च तुमचा. माल धरायला मागे माणूस बसवणं तर अजिबात नको. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात तुमचा स्वतःचा माल येत नाही, हेही एजंटला विचारून खात्री करून घ्या. तुमची सळई किंवा पेटी उडून मागच्या दुचाकीवाल्याला लागली, तर तिथे दंड आणि विमा दोन्ही अपुरे आहेत.

आता खर्च वहीत कसा धरायचा? समजा ताडपत्री, दोन पट्टे, दोरी, रबर मिळून ४,००० रुपये झाले आणि सामान १०० खेपा टिकलं. खेपेला ४० रुपये. हे ४० रुपये दरपत्रकात पॅकिंगच्या ओळीत घाला, गिऱ्हाईक नाही म्हणत नाही. निघण्याआधी बांधलेल्या मालाचा एक फोटो काढून त्यालाच व्हॉट्सअॅप करा, उतरवताना वाद कमी होतात.

आणि निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर एकदा गाडी बाजूला घ्या. तोपर्यंत माल हादरून बसलेला असतो, दोऱ्या सैल झालेल्या असतात. सगळ्या गाठी हाताने ओढून बघा, लागेल तिथे पुन्हा आवळा. घाट लागणार असेल तर तो चढायच्या आधी आणखी एकदा. चहा तिथेच घ्या.