चोवीस तासांचा हिशेब, फोनवर
आघात सोसलेलं किंवा वागणं हाताबाहेर गेलेलं मूल काही महिने घरी सांभाळायचं, तर नुसती माया पुरत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पॅट्रिशिया चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे ओळखून एक पद्धत उभी केली.

तिचा कणा म्हणजे एक फोन. सोमवार ते शुक्रवार रोज संगोपक पालकांना, म्हणजे दुसऱ्यांचं असं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्यांना, विचारलं जातं: कालपासून मूल खोटं बोललं? वाद घातला? रडलं? आणि मुख्य म्हणजे, तुम्हाला त्याचा त्रास झाला का? बोलणं पाच-दहा मिनिटांचंच. पण ताण साचत चालल्याचं त्यातून वेळीच कळतं.

आठवड्यातून एकदा सगळे पालक पर्यवेक्षकासोबत बसून प्रत्येक मुलाची पुढची आखणी करतात. मुलासाठी वेगळा थेरपिस्ट आणि कौशल्यं शिकवणारा मार्गदर्शक असतो, मूल जिथे परतणार त्या कुटुंबासाठी आणखी एक थेरपिस्ट. अपरात्री मूल पळून गेलं, तरी फोन उचलणारं माणूस असतं.

या पालकांना प्रशिक्षण मिळतं, मोबदलाही मिळतो. मायेचे पैसे कसले, असं आपल्याकडे कुणी म्हणेलही. पण तिथे त्यांना उपचार करणाऱ्या चमूतलेच व्यावसायिक मानतात, आणि ते योग्यच आहे.