गाडीतली मूठ: ॲक्सेसरी बाजारातील दुर्लक्षित माल

कार ॲक्सेसरीच्या दुकानात सीट कव्हर, मॅट, सनशेड, सुगंधाच्या डब्या यांची रेलचेल असते. परंतु "म्हाताऱ्या वालिदांना गाडीतून उतरताना आधार होईल असे काही दाखवा," असे गिऱ्हाइकाने म्हटले की दुकानदार छताखालच्या हँडलकडे बोट दाखवतो. ते हँडल उतरण्यासाठी नाहीच. वळणावर आणि खड्ड्यांत प्रवाशाचा तोल सावरावा, एवढेच त्याचे काम होय. हा फरक ज्या दुकानदाराला व कारागिराला कळला, त्याच्यासाठी येथे धंदा आहे.

माणूस सीटवरून कसा उठतो ते पाहा. आधी पाय बाहेर टाकतो, मग डोके गुडघ्यांच्या पुढे झुकवतो आणि नंतर पायांवर भार घेतो. म्हणजे आधार समोर हवा, किंवा कमरेजवळ खाली हवा. छताचे हँडल डोक्याच्या वर. तेथे लटकताना हात कानाजवळ जातो आणि सगळा ताण खांद्यावर येतो. सांधे आखडलेल्या माणसाला ते जमत नाही. मग तो उघड्या दाराला धरतो, दार हलते आणि तोल जातो. नाहीतर मुलगा बगलेत हात घालून ओढतो, आणि दोघांचीही कंबर धरते. १९९९ मध्ये आलेल्या वॅगन आरसारख्या उंच बांध्याच्या गाडीत हा त्रास कमी. बुटक्या सेडानमध्ये मात्र खड्ड्यातून उठल्यासारखे वाटते.

योग्य जागा कोणती, हे आपली रिक्षा रोज दाखवते. चालकाच्या पाठीमागे जो आडवा दांडा असतो, तो धरून सत्तर वर्षांच्या आजीबाई चढतात व उतरतात. दांडा समोर आहे, छातीच्या उंचीवर आहे आणि हलत नाही. महिंद्राच्या थारमध्येही पुढच्या प्रवाशासमोर डॅशबोर्डवर मूठ दिलेली आहे.

हीच सोय मागच्या सीटसाठी स्वस्तात करता येते. पुढच्या सीटच्या हेडरेस्टच्या दोन लोखंडी दांड्यांना सीटबेल्टच्या जातीची जाड नायलॉन पट्टी बांधून तिला मूठ द्यायची. सीट कव्हर शिवणाऱ्या कोणत्याही कारागिराजवळ लागणारी मशीन असते. पट्टी मात्र आखूड ठेवावी. लांब, लोंबता फास लहान मुलांना धोक्याचा. हेडरेस्टचे लॉक नीट बसते की नाही हेही आधी पाहावे.

पुढच्या सीटसाठी दुसरी युक्ती आहे. दार उघडल्यावर मधल्या खांबावर दाराचे कुलूप अडकण्याची पोलादी कडी दिसते. अपघातात दार उघडू नये म्हणून ती मुळातच मजबूत बसवलेली असते. तिच्यात पोलादी जीभ घालायची, तिला रबरी मूठ असलेला दांडा. झाली कमरेजवळची कुबडी. परदेशी बनावटीचे असे दांडे विकले जातात. डाव्या दारातून बाहेर तोंड करून बसलेला माणूस डाव्या हाताने यावर भार देतो, उजव्या हाताने पुढचा खांब धरतो आणि दाबून उठतो. ओढण्यापेक्षा दाबणे नेहमी सोपे. दोन गोष्टी सांभाळाव्यात. कडीचा आकार गाडीगणिक बदलतो, म्हणून विकण्यापूर्वी घालून पाहावे. आणि जिभेच्या मुळाशी वेल्डिंगचा जोड नको; जोर तेथेच येतो. दार लावण्यापूर्वी दांडा काढायचा असतो, हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगावे.

आता एक इशारा. काही मिस्त्री गाडीच्या छताच्या कडेला ड्रिल मारून पत्र्याच्या स्क्रूने हँडल ठोकून देतात. अलीकडे सहा एअरबॅगच्या गाड्या वाढल्या आहेत. त्यांतील दोन पडद्यासारख्या एअरबॅग याच कडेला, छताच्या अस्तराआड, गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्या सेकंदाच्या काही शतांश भागात फुगतात. वाटेत आलेले हँडल तेव्हा गोळीसारखे सुटेल किंवा एअरबॅगच फाटेल. खांबावर एअरबॅगची खूण असेल तेथेही हात लावू नये. दोनशे रुपयांच्या मजुरीपायी कोणाचा जीव जाता कामा नये. स्वस्त मॉडेलमध्ये कंपनीने हँडल गाळलेले असले, तरी काही गाड्यांत त्याचे मूळ आटे टोपणाखाली तयार असतात. तेथे कंपनीचेच हँडल बसवावे.

पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज या पट्ट्यातील प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांना हे काम अनोळखी नाही. चांगले हँडल बहुधा काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते. साच्यात वितळलेल्या प्लास्टिकमध्ये नायट्रोजनचा दाब सोडून ते आतून पोकळ करतात. त्यामुळे वजन वाचते आणि जाड भागावर खड्डे पडत नाहीत. सोडल्यावर हँडल सावकाश मिटते, कारण त्याच्या बिजागरीत घट्ट ग्रीस भरलेला डँपर असतो.

मापाचे काय? अमेरिकेतील अपंगांच्या सोयीच्या नियमांत आधाराच्या गोल दांड्याची जाडी ३२ ते ५१ मि.मी., भिंतीपासून अंतर ३८ मि.मी. आणि ताकद २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोचा भार पेलण्याची, असे सांगितले आहे. हे नियम इमारतींचे आहेत, गाड्यांचे नव्हेत. पण हात तोच असल्याने जाडी ठरवताना उपयोगी पडतात.

रंगाकडे तर आपल्याकडे कोणी पाहतच नाही. हँडल अस्तराच्या रंगाचे असले की गाडी शोभते, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ते दिसत नाही. लंडनच्या १९९७ च्या टीएक्स-वन टॅक्सीत मुठी भडक पिवळ्या होत्या, त्या याच कारणाने. पिवळी किंवा नारिंगी रबरी नळी चढवायला असा काय खर्च येतो?

माल विकताना मुलाच्या अंदाजावर जाऊ नये. ज्यांच्यासाठी मूठ घ्यायची त्यांनाच दुकानात बोलवावे, गाडीत बसवावे, तीन-चारदा चढू-उतरू द्यावे. त्यांचा हात आपोआप जेथे जातो तेथे टेपचा तुकडा चिकटवावा आणि मगच काय बसवायचे ते ठरवावे.