जगज्जेतेपदाआधीच्या जोडी

२२ नोव्हेंबर १९८६ रोजी लास व्हेगासमध्ये माइक टायसनने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत लोळवलं आणि विसाव्या वर्षी तो हेवीवेटचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला. तोवरच्या २७ लढती त्याने जिंकल्या होत्या, त्यांतल्या २५ नॉकआउटने. बॉक्सिंगचे शौकीन हा २५ चा आकडा तोंडपाठ सांगतात. माझ्या मते खरी तयारी झाली ती उरलेल्या दोन लढतींत.

टायसनच्या जोडी ठरवणारे जिम जेकब्स आणि बिल केटन हे त्याचे मॅनेजर. जेकब्सकडे जुन्या लढतींच्या फिल्मांचा प्रचंड साठा होता. कोण कसा फिरतो, कोणाचा कोणता हात खाली राहतो, हे करार करण्याआधीच पाहता येत असे.

पहिली लढत मार्च १९८५ मध्ये ऑल्बनीत झाली आणि त्याच वर्षात एकूण १५ झाल्या. बहुतेक प्रतिस्पर्धी पहिल्याच फेरीत गारद. यातून नवख्याला गर्दीची, दिव्यांची, लढतीआधीच्या धडधडीची सवय होते. बाकी फारसं काही शिकायला मिळत नाही.

त्यामुळे पुढचा माणूस असा हवा, जो बहुधा हरेल, पण लवकर पडणार नाही. ३ मे १९८६ ला जेम्स टिलिस आणला गेला. १९८१ मध्ये जगज्जेतेपदासाठी तो पूर्ण १५ फेऱ्या लढला होता, आणि एका जागी उभा राहणं त्याला माहीतच नव्हतं. चौथ्या फेरीत तो पडला, उठला आणि पुन्हा बाजूला सरकत ठोसे मारू लागला. टायसन सहाव्या फेरीपुढे कधी गेला नव्हता. इथे दहाही फेऱ्या खेळून गुणांवर जिंकावं लागलं. सतरा दिवसांनी मिच ग्रीन. हा चांगलाच उंच, जवळ आलं की मिठी मारून हात जखडणारा. पुन्हा दहा फेऱ्या. दम कसा राखायचा, मिठीतून हात कसा सोडवायचा, ठोसा लागूनही समोरचा उभा राहिला तर डोकं कसं शांत ठेवायचं, हे सरावाच्या जोडीदाराकडून पुरतं शिकता येत नाही.

मग जुलैत मार्व्हिस फ्रेझर: वडिलांमुळे नाव मोठं, लढत ३० सेकंदांची. ही जोड तिकिटांसाठी आणि टीव्हीसाठी, तीही लागतेच. ऑगस्टमध्ये होसे रिबाल्टाने मात्र पुन्हा दहाव्या फेरीपर्यंत झुंजवलं.

काही पथ्यंही असतात. जगज्जेता उजवा असेल तर मुख्य लढतीच्या तोंडावर डावखुरा घेत नाहीत. पावलांची बसलेली सवय मोडते. डोक्याने धडका देणाराही टाळतात, कारण भुवई फाटली की तारीख पुढे ढकलावी लागते.

उलट उदाहरण जेरी कूनीचं. त्याच्या मॅनेजरांनी त्याला फार जपलं. रॉन लाइल, जिमी यंग, केन नॉर्टन ही नावं मोठी, पण तिघेही उतरणीला लागलेले. मे १९८१ मध्ये नॉर्टन ५४ सेकंदांत संपला. त्यानंतर तेरा महिने कूनी रिंगमध्ये उतरलाच नाही, आणि आठ फेऱ्यांपलीकडे तर तो कधीच लढला नव्हता. जून १९८२ मध्ये लॅरी होम्ससमोर लढत १५ फेऱ्यांची होती. कूनी हिमतीने लढला आणि तेराव्या फेरीत हरला.