थर सांगतो जीवाश्माचे वय

गोंदिया जिल्ह्यातील आमगावचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे. ‘आमगाव नाइस’ या नावाने ओळखला जाणारा पट्टेदार खडक दोन अब्ज वर्षांहूनही जुना आहे. मात्र शंखशिंपले वा हाडे त्यात कितीही शोधली तरी सापडणार नाहीत. कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म विपुल प्रमाणात आढळू लागतात, ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांपासून. शिवाय प्रचंड उष्णता व दाबाखाली या खडकाचे मूळ रूपच पालटून गेले आहे.

याउलट, नागपूरजवळच्या टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याला १९व्या शतकाच्या मध्यास गोड्या पाण्यातील गोगलगायींचे व वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. लाव्हाचा एक थर थंड झाला की त्यावर तळी साचत, गाळ बसे आणि त्यात जीव गाडले जात. पुढचा लाव्हा येऊन हे सारे झाकून टाकी.

थर उलथले नसतील, तर खालचा जुना व वरचा नवा, हा नियम निकोलस स्टेनो याने १६६९ मध्येच मांडला होता. त्यातून क्रम कळतो. वर्षे कळत नाहीत. कार्बन पद्धतही येथे निरुपयोगी ठरते, कारण तिची मर्यादा सुमारे ५० हजार वर्षांची आहे. लाव्हातील पोटॅशियमपासून मात्र ठराविक गतीने आरगॉन वायू तयार होतो. त्याच्या प्रमाणावरून खालच्या व वरच्या लाव्हाचे वय काढले, की मधल्या गाळातील जीवाश्मांचे वय त्या दोहोंच्या दरम्यान येते.

ही पद्धत नव्हती तेव्हा वाद अटळ होता. वनस्पतींच्या जीवाश्मांवरून बिरबल साहनी यांनी १९३०च्या दशकात हे थर डायनोसॉरनंतरच्या काळातील मानले. पुढे आरगॉन मापनांनी दख्खनच्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉरांच्या अस्ताच्याच सुमाराचा ठरवला. खडकावरून जीवाश्माचे आणि जीवाश्मावरून खडकाचे वय ठरवणे ही चक्राकार युक्तिवादाची कसरत आहे, या आक्षेपाला येथेच उत्तर मिळते. अणूंचे घड्याळ जीवाश्मांवर अवलंबून नसते. उलट ते जीवाश्मांवरून बांधलेला अंदाज तपासते आणि प्रसंगी दुरुस्तही करते.

म्हणूनच वैनगंगेच्या पात्रात एखादा जीवाश्म सापडलाच, तरी सभोवतालच्या वाळूचे वय त्याला लावता येणार नाही. तो वरच्या भागातून वाहत आलेला असू शकतो. मूळ थर हाच जीवाश्माचा जन्मदाखला. म्हणून शोभेची वस्तू म्हणून तो खडकातून उचकटण्यापूर्वी जागा व थर यांची नोंद व्हायला हवी. ती हरवली की दगड उरतो, इतिहास नाही.