यादी जुनी, दवाखाना लांब
(लेखमाला : आरोग्य विमा समजून घेताना – भाग 6)

गेल्या आठवड्यात आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विमा योजनेची आतली यंत्रणा पाहिली: पॅकेज (म्हणजे उपचाराचा ठरलेला दर), दावे, ट्रस्ट, विमा कंपनी. पण योजनेचे बरेवाईट पुष्कळदा तिच्या हाताबाहेरच्या गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट यादीची. 23 सप्टेंबर 2018 रोजी रांचीहून योजना सुरू झाली तेव्हा 10.74 कोटी कुटुंबे पात्र ठरली, ती 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात पाहणीच्या आधारे. म्हणजे पहिल्याच दिवशी यादी सात वर्षे जुनी! तेवढ्यात कोणी गाव सोडले, कोणाची घरे विभक्त झाली, कालचा बरा शेतकरी कर्जात गेला. पुढे 2021 ची जनगणनाही लांबली. महाराष्ट्राने आपल्यापुरती वाट काढली. 1 जुलै 2024 पासून राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जवळपास सगळ्यांनाच खुली झाली आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले.

दुसरी गोष्ट राजकारणाची. आरोग्य हा राज्याचा विषय आणि बहुतेक राज्यांत केंद्र आणि राज्य यांच्यात खर्चाची वाटणी 60:40. पश्चिम बंगाल जानेवारी 2019 मध्ये आयुष्मान भारतमधून बाहेर पडला. ओडिशा आणि दिल्ली आत आले ते 2025 मध्ये, तिथली सरकारे बदलल्यावर. यात वैद्यकीय कारण शोधू नये.

कधी बाहेरची गोष्ट पथ्यावरही पडते. फेब्रुवारी 2017 मध्ये औषध किंमत नियामकाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. त्याआधी छापील किंमत लाखाच्या घरात असे. निर्णय दुसऱ्या खात्याचा, पण दीड वर्षाने आलेल्या या योजनेला अँजिओप्लास्टीचे पॅकेज परवडले त्यात त्याचा वाटा मोठा.

2020 च्या टाळेबंदीत मात्र पहिल्या दहा आठवड्यांत दावे निम्म्यावर आले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया जवळजवळ थांबल्या, डायलिसिस तेवढे चालू राहिले. ते टाळले तर माणूसच जातो. पैशांची हमी होती, पण एसटी बंद होती आणि दवाखान्याचीच भीती होती.

माझ्या मते यापेक्षा मोठी अडचण आहे ती अंतराची. गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडच्या माणसाकडे योजनेचे कार्ड असले, तरी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी त्याला पुष्कळदा नागपूर गाठावे लागते. दवाखान्याचे बिल योजना भरेल. सोबत आलेल्या भावाची बुडालेली मजुरी कोण भरणार? पैसा आला की दुर्गम भागात खासगी रुग्णालये आपोआप उभी राहतील, ही आशा मला भाबडी वाटते. तज्ज्ञ डॉक्टर, त्याच्या मुलांची शाळा, अखंड वीज हे सारे कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. तिथे सरकारी रुग्णालयच सुधारावे लागेल.

तोवर आपल्या हातातले एक काम. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारत योजना लागू आहे, उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरून धरतात. घरात असे कोणी असतील तर दुखणे येण्याआधीच त्यांचे कार्ड काढून ठेवा. चौकशीसाठी 14555 हा क्रमांक आहे.