ठिपके जागेवर बसतात तेव्हा

यवतमाळच्या नवरात्रात मंडपाबाहेरच्या एलईडी भिंतीला नाक लावून उभं राहिलं, की देवीचा चेहरा नाहीसा होतो. उरतात नुसते दिवे. दहा पावलं मागे सरकलं की चेहरा परत येतो. हे मागे सरकणं डोळ्याकडून करवून घेण्याची युक्ती म्हणजे डिदरिंग.

‘जुन्या कॉम्प्युटरसारखं दिसू दे,’ असं आज मंडळं व्हिडिओ बनवून घेताना मला हौसेनं सांगतात. एके काळी ती गरज होती. १९८४च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर ५१२ बाय ३४२ ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. राखाडी नव्हताच; काळ्या-पांढऱ्याच्या मिसळीतून तो भासवायचा.

त्याची एक रीत कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७३मध्ये मांडली. मला ती अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीची बहीण वाटते. चार बाय चारची जाळी, घरांना ० ते १५ आकडे. चित्राचा उजेड, त्याच मापात मोजून, त्या घराच्या आकड्यापेक्षा जास्त असला तर ठिपका पांढरा, नाहीतर काळा. मेख आकड्यांच्या मांडणीत आहे: शून्याच्या शेजारी १ नाही, ८ बसतो. लागोपाठचे आकडे लांब लांब टाकल्यामुळे पांढरे ठिपके एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली रंगांची जाळीही याच बेयर यांची.

दुसरी रीत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची, १९७६ची. तिच्यात चोख हिशेब आहे. २५५पैकी १०० उजेडाचा ठिपका काळा करावा लागला, तर ते १०० बुडवायचे नाहीत, शेजाऱ्यांत वाटायचे: सोळातले ७ भाग उजवीकडे, ५ थेट खाली, ३ खाली डावीकडे, १ खाली उजवीकडे. स्थिर चित्रात गालाची गोलाई या रीतीइतकी सुंदर मला कुठे दिसलेली नाही.

पण चित्र हललं की हिशेब विस्कटतो. वर एक ठिपका बदलला की खालच्या साऱ्यांची वाटणी बदलते, आणि स्थिर पार्श्वभूमीवरही जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या धावू लागतात. म्हणून व्हिडिओसाठी मी बेयरची जाळीच घेतो. तिचाही एक दोष आहे: माणूस चालतो, ठिपके तिथेच राहतात, आणि सगळं जाळीच्या खिडकीआडून पाहिल्यासारखं वाटतं. ल्युकस पोप यांनी २०१८च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या खेळात ठिपके कॅमेऱ्याभोवतीच्या काल्पनिक गोलावर बसवले; कॅमेरा वळला की ते दृश्यासोबत सरकतात.

काम करताना क्रम चुकवू नये. १९२० बाय १०८०चं चित्र आधी ३२० बाय १८०वर आणायचं, काळं-पांढरं ठसठशीत करायचं, मग डिदरिंग, आणि शेवटी कडा मऊ न करता सहापट मोठं. सेकंदाला बाराच फ्रेम ठेवल्या की हालचालीलाही जुना अडखळता ठेका येतो.

ठिपक्यांकडून हलत्या चित्राकडे जाणारी वाट मराठी माणसाची ओळखीची आहे. दादासाहेब फाळके सिनेमाआधी छपाईच्या आणि ठिपक्यांनी फोटो छापणाऱ्या ब्लॉकच्या धंद्यात होते. १९१२मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर हलवली. एकेका फ्रेमवर बसताना मला तो वाटाणा आठवतो.

शेवटची काळजी पाठवण्याची. व्हिडिओ लहान करणारी यंत्रणा बारीक तपशील आधी फेकते, आणि इथे तर सगळं चित्रच बारीक तपशिलाचं. व्हॉट्सअॅपवरून गेलेला व्हिडिओ भिंतीवर चिखल होऊन उतरतो. मी मंडळाला फाइल पेनड्राइव्हवर नेऊन देतो आणि पहिल्यांदा लागेपर्यंत भिंतीसमोरून हलत नाही.