अर्धवट चघळलेला घांस

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताच्या रथापुढें धांवणारा मृग मान वळवून मागें पाहतो आणि त्याच्या तोंडांतील अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर गळत जातात. हा प्रसंग आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला. परंतु त्या गळणाऱ्या दर्भांत हरणाच्या आयुष्याचा सारा जमाखर्च आहे, हें सेवानिवृत्तीनंतर ऊर्जानगरांत राहूं लागल्यावरच आम्हांस उमगलें. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची ही वसाहत. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालेलें ताडोबाचें अरण्य येथून फार दूर नाहीं.

वाघ हरणांना मारतो, एवढें सर्वांस ठाऊक आहे. ज्यांना तो मारीत नाहीं त्यांचेंही जिणें तोच घडवितो, हें मात्र सहसा ध्यानीं येत नाहीं. चितळांचा कळप चरतांना पाहावा. कांहीं माना खालीं, तर एखादी वर. जितका वेळ मान वर, तितका वेळ तोंडाला गवत नाहीं. कळप मोठा असला म्हणजे पहारा वांटला जातो व प्रत्येकास चरावयास अधिक वेळ मिळतो. झाडावर वानरें असलीं तर चितळें त्यांच्या खालीं रमतात. वरून कोंवळा पाला पडतो, आणि टेहळणी फुकटची! वानराचा खोकल्यासारखा इशारा ऐकूं येतांच साऱ्या माना एकदम उंचावतात.

सांबराची रीत निराळी. तें दाट झाडींत एकटें-दुकटें राहतें, संशय येतांच स्तब्ध होतें, आणि खात्री पटल्यावर पाय आपटून ‘ढाँक्’ असा आवाज काढतें. वाघ समोर दिसत असतां चितळें पळून न जातां त्याच्याकडे टक लावून ओरडत राहतात, याचें नवख्यास आश्चर्य वाटतें. पण वाघ दबा धरून शिकार करणारा. त्याचें गुपित फुटलें कीं बहुधा तो नाद सोडतो. रानकुत्र्यांपुढें ही युक्ति चालत नाहीं. ते टोळीनें पाठलाग करून भक्ष्याला दमवितात, म्हणून त्यांच्या धाकानें हरीण पाण्यांत शिरतें. आणि ताडोबाच्या तलावांत तर मगरी आहेत!

या भयाची किंमत कॅनडांतील शास्त्रज्ञांनीं मोजली. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत लहान गाणाऱ्या पक्ष्यांचीं घरटीं जाळ्यांनीं व विजेच्या कुंपणांनीं सुरक्षित केलीं होतीं, आणि भोवतीं केवळ शत्रूंचे आवाज ऐकविले होते. घरट्यांस कोणी शिवलें नाहीं, तरी वर्षभरांतील पिलें ४० टक्क्यांनीं घटलीं. माद्यांनीं अंडींच कमी घातलीं, आणि झालेल्या पिलांपैकींही अधिक दगावलीं.

आमच्या वसाहतीस हें परकें नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें वीजकेंद्राच्या आवारांत वाघानें एका कामगाराचा बळी घेतला आणि लागोपाठ शेजारच्या दुर्गापुरांत बिबट्यानें एक मुलगा नेला. तेव्हांपासून आमची सायंकाळची वाट बदलली. वृद्ध मंडळी आतां घोळक्यानें निघतात आणि उगाच मोठ्यानें बोलतात. दिवेलागणीपूर्वींच परततात, मग वादविवाद कितीही रंगलेला असो.

परवां नातवास बोलावण्यास आम्ही मैदानावर गेलों. पोरें खेळांत दंग होतीं. कडेला बसलेल्या आयांच्या गप्पा चालल्या होत्या. पण त्यांपैकीं एकीची तरी मान सदैव झुडपांकडे वळलेली होती.